साउथ कोर्ट : एका निष्क्रांत वास्तूची कैफियत

ओसाड पडलेल्या वास्तूंविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्याचे सहसा दोनच प्रकार आढळतात. एक उसाशाचा आणि दुसरा आरोपाचा. पहिल्या प्रकारचा लेखक पडक्या सज्जाकडे पाहून गेलेल्या वैभवाची हळहळ करतो. दुसरा त्याच सज्जाकडे बोट दाखवून येथे कोणते पाप घडले ते सांगतो. दोघांनाही दारावरच्या कुलपाची चौकशी करावीशी वाटत नाही. हे कुलूप कोणी लावले, कोणत्या अधिकाराने लावले आणि ते उघडण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न रुक्ष खरे. परंतु पुष्कळदा घराचा खरा इतिहास त्या रुक्ष प्रश्नांतच दडलेला असतो. मुंबईच्या मलबार टेकडीवरील बॅ. महंमदअली जीना यांच्या बंगल्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्याची या दृष्टीने एकदा छाननी व्हावी, असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम वास्तूचाच विचार करू. माउंट प्लेझंट रस्त्यावर, ज्याला पुढे भाऊसाहेब हिरे मार्ग असे नाव मिळाले, सुमारे अडीच एकरांच्या आवारात हे घर उभे आहे. त्याचे तोंड समुद्राकडे. 'साउथ कोर्ट' हे त्याचे मूळ नाव. येथेच पहिली गफलत होते. १९ एप्रिल १९१८ रोजी रत्तनबाई पेटिट यांच्याशी जीनांचा विवाह झाला तो साउथ कोर्टमध्येच, हे खरे. आणि म्हणून आजच्या दिवाणखान्यात रत्तनबाईंच्या पावलांचा कानोसा घेणारे लेख वेळोवेळी निघतात. परंतु रत्तनबाई २० फेब्रुवारी १९२९ रोजी वारल्या. विलायतेत काही वर्षे काढून जीना १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास मुंबईस परतले, जुना बंगला त्यांनी पाडला आणि त्याच जागी नवा बांधला. आज जे उभे आहे ते हे दुसरे घर. भूखंड तोच, नावही तेच. पण ज्या भिंतींनी तो संसार पाहिला त्या भिंती केव्हाच नाहीशा झाल्या आहेत. नवे घर उभे राहिले ते एका विधुर, एकाकी आणि राजकारणात नव्याने उतरलेल्या माणसासाठी. सोबत त्याची बहीण फातिमा. मुलगी दीना हिने १९३८ मध्ये वडिलांच्या मर्जीविरुद्ध नेव्हिल वाडिया यांच्याशी विवाह केला. तेव्हा हे घर संसाराचे नव्हे. प्रतिष्ठेचे आणि एकांताचे आहे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे.

वास्तुकार होते क्लॉड बॅटली. सर जे. जे. कलाशाळेच्या वास्तुशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. भारतीय वास्तुपरंपरेविषयी त्यांना खरा आदर होता. जुन्या वास्तूंची मोजमापे घेऊन त्यांची बारकाईने आरेखने करण्याची शिस्त त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना लावली. अशा शिक्षकाने काठेवाडातील पानेली गावच्या व्यापारी घराण्यातून आलेल्या गृहस्थासाठी घर बांधले, तर त्यात त्या मुलखातील हवेलीची काही खूण उमटावी अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात उभे राहिले ते युरोपीय वळणाचे घर : टोकदार कमानी, भारदस्त स्तंभ, इटालियन संगमरवर, अक्रोडी लाकडाचे काम. बांधकामास सुमारे दोन लाख रुपये लागल्याचे सांगतात, आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. कलेच्या दृष्टीने या वास्तूला असामान्य म्हणता येणार नाही. तिच्यात नवे काही शोधलेले नाही. प्रमाणबद्धता आहे, संयम आहे, साहित्याची निवड निर्दोष आहे. आणि तरीही मालकाने आपल्या पूर्वजांविषयी एक अक्षरही भिंतीवर उमटू दिलेले नाही. बॅटलींची विद्या आणि बॅटलींच्या अशिलाची रुची यांत हे जे अंतर पडले, तेच या वास्तूचे सर्वांत बोलके अंग आहे. मुसलमानांचे राष्ट्र वेगळे आहे असे पुढे जगाला बजावून सांगणाऱ्या पुढाऱ्याने आपले राहते घर बांधताना विलायतेकडे पाहिले, ही गोष्ट त्याच्या शत्रूंनी किंवा भक्तांनी फारशी विचारात घेतलेली नाही.

आता उसाशाच्या पक्षाची बाजू पाहू. या पक्षाचे म्हणणे असे की, जीनांचे मन या घरात अडकले होते, पाकिस्तानात गेल्यावरही त्यांना येथे परतायचे होते, आणि म्हणून फाळणी ही त्यांच्याही इच्छेविरुद्ध घडलेली एक दुर्घटना होती. यातील पहिला भाग निराधार नाही. जीनांनी दिल्लीतील १०, औरंगझेब रोड येथील आपले घर १९४७ मध्ये रामकृष्ण दालमिया यांना विकले. मुंबईचे मात्र विकले नाही. भारताचे पाकिस्तानातील पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे की, हे घर सरकार ताब्यात घेणार हे कळल्यावर जीना व्याकुळ झाले आणि घर सामान्य माणसाच्या हाती न देता एखाद्या युरोपीय कुटुंबाला किंवा वकिलातीला भाड्याने द्यावे, अशी विनंती त्यांनी नेहरूंकडे केली. एका नव्या राष्ट्राचा प्रमुख शेजारच्या राष्ट्राच्या पंतप्रधानाकडे आपल्या घरासाठी शब्द टाकतो, या दृश्यातील करुणा नाकारता येत नाही.

परंतु करुणेवरून काढलेला निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. जीनांना वाटत होते की दोन राष्ट्रे झाली तरी श्रीमंत माणसाला दोन्हीकडे घरे ठेवता येतील. ज्या दिवसांत ते या घराची काळजी करीत होते, त्याच दिवसांत लक्षावधी माणसे आपली घरे, शेते, गुरे आणि दारात पुरलेले दागिने सोडून सीमेपलीकडे पळत होती. पंजाबातील शेतकऱ्याला किंवा सिंधमधील दुकानदाराला आपल्या घराविषयी कोणत्याही पंतप्रधानाकडे शब्द टाकता आला नाही. घराविषयीचे प्रेम जीनांचे तेवढे खरे आणि त्यांचे नव्हते काय? म्हणून साउथ कोर्टविषयीचा उसासा मला अपुरा वाटतो. तो एका घरासाठी असतो. त्या काळी गमावलेल्या घरांची तर गणतीही पुरी झालेली नाही.

आरोपाच्या पक्षाचे म्हणणे याहून सरळ आहे. पाकिस्तानचा कट या घरात शिजला, म्हणून ही वास्तू पाडावी. या मताचे लोक मुंबईत आहेत आणि विधिमंडळापर्यंत ही मागणी पोहोचलेली आहे. या आरोपातही तथ्याचा अंश नाही असे नाही. जुलै १९४६ च्या अखेरीस मुस्लिम लीगची परिषद मुंबईतच भरली आणि प्रत्यक्ष कृतीचा ठराव तेथेच झाला. १६ ऑगस्ट ही त्यासाठी ठरलेली तारीख. तिच्या आदल्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४६ रोजी, नेहरू याच घरी येऊन जीनांना भेटले आणि भेट निष्फळ झाली. पुढे कलकत्त्यात काय झाले ते सर्वविदित आहे.

तथापि आरोप सिद्ध करावयाचा तर सगळा पुरावा पुढे ठेवावा लागतो. सोयीचा तेवढा ठेवून चालत नाही. ९ सप्टेंबर ते २७ सप्टेंबर १९४४ या काळात गांधीजी त्याच रस्त्यावरील बिर्ला भवनात उतरले होते आणि तेथून ते वारंवार या घरी येत. राजाजींच्या सूत्रावर बोलणी झाली, पत्रे लिहिली गेली, शब्दाशब्दावर वाद झाला. बोलणी फिसकटली. परंतु फाळणी टाळण्यासाठी किंवा निदान ती भावाभावांच्या वाटणीसारखी व्हावी यासाठी जे दीर्घ प्रयत्न झाले, त्यांतील हा एक मोठा प्रयत्न या छपराखाली झाला. उलट पाकिस्तानची मागणी ठरावाच्या रूपाने मार्च १९४० मध्ये मांडली गेली ती लाहोरला, आणि ३ जून १९४७ ची योजना जाहीर झाली ती दिल्लीला. कटाच्या जागा म्हणून वास्तू पाडत जायचे ठरवले तर यादी फार लांबेल. शिवाय ज्या मुंबईत हा वाडा आहे त्याच मुंबईत, काँग्रेस हाउसच्या आवारात, जीनांच्याच नावाचे एक सभागृह आहे. लॉर्ड विलिंग्डन यांचा गौरव करण्याचा घाट डिसेंबर १९१८ मध्ये घातला गेला तेव्हा जीनांनी पुढे होऊन तो उधळला. त्याची आठवण म्हणून लोकांनी वर्गणी काढून ते बांधले. पी. जे. हॉल या आद्याक्षरांत 'जीना' लपून राहिला आहे. १९१६ मध्ये लोकमान्यांवरील खटल्यात त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात उभे राहून यश मिळवणारे वकील हेच, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नसावी. एकाच माणसाच्या दोन वास्तू या शहराने दोन तऱ्हांनी सांभाळल्या : एकीचे नाव आखडून घेतले, दुसरीचे दार बंद केले.

आता कुलपाकडे वळतो. जीनांचे मृत्युपत्र ३० मे १९३९ चे आहे. त्यात त्यांनी माउंट प्लेझंट रस्त्यावरील घर, आवार आणि सामानसुमान यांसह, फातिमा यांना दिले. मुलीसाठी दोन लाखांच्या ठेवीच्या उत्पन्नातून दरमहा १,००० रुपयांची तजवीज केली. मुंबई विद्यापीठाला ५०,००० रुपये ठेवले. या कागदाचा काळ पाहावा. लाहोरच्या ठरावाच्या दहा महिने आधी जीना आपले घर मुंबईत, आपली देणगी मुंबईच्या विद्यापीठाला आणि आपली उरलेली मिळकत अलीगढ, पेशावर आणि कराची येथील विद्यालयांना वाटून देत होते. त्या दिवशी तरी त्यांच्या मनातील नकाशावर सीमारेषा नव्हती, असे अनुमान या कागदावरून निघते. आणि ते कोणत्याही दंतकथेपेक्षा अधिक भक्कम आहे.

११ सप्टेंबर १९४८ रोजी जीना कराचीस वारले. पुढच्या वर्षी घर निष्क्रांत मालमत्ता ठरले. निष्क्रांत म्हणजे १ मार्च १९४७ रोजी किंवा त्यानंतर फाळणीमुळे वा दंगलींमुळे देश सोडून गेलेला, अशी व्याख्या १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता प्रशासन अधिनियमात केली आहे. फातिमा जीना या व्याख्येत बसत. दीना वाडिया बसत नव्हत्या, कारण त्या तेव्हा भारतातच होत्या. म्हणजे सारा वाद एका प्रश्नापाशी येऊन थांबतो : जीनांनी प्राण सोडला त्या क्षणी घर कोणाचे झाले? बहिणीचे झाले असेल तर ते अभिरक्षकाकडे, म्हणजे अखेर सरकारकडे जाते. मुलीचे झाले असेल तर सरकारचा हात तेथे पोहोचत नाही.

२००७ मध्ये दीनाबाईंनी मुंबई उच्च न्यायालयात नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. त्यांचे म्हणणे असे की, मृत्युपत्राला न्यायालयाचे प्रमाणपत्र मिळालेले नाही, ते विचारात घेऊ नये. जीना खोजा होते, खोजांच्या वारसाला रूढीने हिंदू कायदा लागू पडतो, आणि त्या कायद्याने एकुलती एक मुलगी हीच वारस. येथे कायद्याच्या इतिहासातील एक विलक्षण योग दिसतो. १८४७ मध्ये मुंबईच्या न्यायालयात खोजा स्त्रियांनी कुराणाच्या आधारे वडिलांच्या मिळकतीत वाटा मागितला होता. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी खोजांची रूढी श्रेष्ठ मानून तो नाकारला. ज्या रूढीने मुलींना दारातून परत पाठवले, तिचाच आधार घेऊन १६० वर्षांनी एका खोज्याची मुलगी त्याच शहरात आपले घर मागत होती. आणि हाही योग पाहा : १९३७ मध्ये शरियत विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आले, तेव्हा मृत्युपत्राचा विषय सक्तीच्या कलमातून काढून ऐच्छिक करण्याच्या दुरुस्तीमागे जीनाच होते. शरियतीप्रमाणे मृत्युपत्राने मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. खोजांच्या रूढीप्रमाणे सर्व देता येते. दुरुस्तीनंतर दोनच वर्षांनी त्यांनी संपूर्ण घर बहिणीच्या नावे लिहिले. धर्माच्या नावाने राष्ट्र मागणाऱ्या या वकिलाने स्वतःच्या मिळकतीपुरती रूढीची वाट मोकळी ठेवली होती, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

दीनाबाई २ नोव्हेंबर २०१७ रोजी वारल्या. त्यांच्या मागे त्यांच्या मुलाने दावा पुढे चालवला. खटल्याच्या गुणावगुणांवर येथे मत देणे उचित नाही. सरकारच्या वर्तनावर मात्र टीका करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

निष्क्रांत मालमत्तेचा कायदा हा कठोर कायदा होता, पण त्याला एक नैतिक आधार होता. पलीकडे ज्यांचे सर्वस्व गेले त्यांना इकडे सोडलेल्या मालमत्तेतून काही तरी भरपाई मिळावी, म्हणून १९५४ मध्ये विस्थापितांच्या भरपाईचा अधिनियम झाला आणि निष्क्रांतांची मिळकत त्या कामी लावण्याची व्यवस्था झाली. या कसोटीवर साउथ कोर्टचा इतिहास पाहिला तर काय दिसते? कल्याणच्या छावणीत, जिला पुढे उल्हासनगर म्हणू लागले, सिंधमधून आलेली कुटुंबे लष्करी बराकींत गोणपाटाचे पडदे लावून दिवस काढीत होती. आणि मलबार टेकडीवरचे हे घर ब्रिटिश उपउच्चायुक्तांकडे भाड्याने होते. जीनांची विनंती अशा रीतीने त्यांच्या पश्चात मान्य झाली. ब्रिटिशांचा मुक्काम १९८० नंतर दोन-तीन वर्षांत हलला. पाकिस्तानने आपल्या वकिलातीसाठी घर वारंवार मागितले. ते मिळाले नाही. पुढे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडे वास्तू आली, तरी तिच्यात नित्याची वर्दळ कधी झाली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या पत्रातून कळले की, दिल्लीच्या हैदराबाद हाउसच्या धर्तीवर वास्तूचे नूतनीकरण करावे असा विचार असून ती परराष्ट्र मंत्रालयाकडे घेतली जात आहे. या दरम्यान २००५ मध्ये १९५० आणि १९५४ चे ते दोन्ही कायदेच रद्द करण्यात आले, कारण त्यांचे काम संपले असे संसदेला वाटले. कायद्याचे काम संपले. त्या कायद्याने लावलेले कुलूप मात्र राहिले.

माझा आक्षेप येथे आहे. सरकारने घर घेतले ते विस्थापितांच्या नावाने, आणि विस्थापितांना त्याचा उपयोग झाला नाही. मुलीला दिले नाही, शेजाऱ्याला दिले नाही, लोकांसाठी उघडले नाही. एखाद्या खासगी गृहस्थाने चाळीस वर्षे घर असे ठेवले असते तर त्याला आपण विक्षिप्त म्हटले असते. राज्यसंस्थेच्या बाबतीत आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो.

गोव्यातील वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये. पोर्तुगीज सत्ता १९६१ मध्ये गेल्यानंतर तेथेही १९६४ मध्ये निष्क्रांत मालमत्तेचा स्वतंत्र कायदा झाला. आणि त्याशिवाय आपल्याच माणसांनी बंद केलेली घरे किती आहेत ते गावोगाव दिसते. राजांगणातील तुळशीवृंदावनाला पाणी घालायला कोणी नाही, आणि लिस्बनपासून नैरोबीपर्यंत पांगलेल्या सहवारसांच्या सह्या मिळाल्याशिवाय छपराचे नळे बदलता येत नाहीत. तेथील कायद्यात मुलांचा निम्मा वाटा बापालाही मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही. साउथ कोर्ट मांडवीच्या काठी असते तर दीनाबाईंना साठ वर्षांनी न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. आणि घर मात्र कदाचित वाटणीच्या वादात असेच बंद राहिले असते. वारसांचे हक्क चोख सांभाळणारा कायदा घर सांभाळतोच असे नाही, ही गोष्ट गोमंतकीय वकिलाइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

मग या वास्तूचे करावे तरी काय? पाडणे हा उपाय पुरावा जाळण्यासारखा आहे. जीनांचे स्मारक करणे हे या देशातील फाळणीग्रस्तांच्या दुःखाची थट्टा करण्यासारखे होईल. परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांसाठी ती सजवणे यात गैर काही नाही. फक्त त्यात दरवाजा पुन्हा थोड्यांसाठीच उघडतो. मला सुचतो तो मार्ग निराळा. न्यायालयाचा निर्णय काहीही होवो, या घराचा इतिहास ज्या कागदांत आहे ते कागद एकत्र करून याच घरात लोकांपुढे मांडावेत : बॅटलींची आरेखने, १९३९ चे मृत्युपत्र, १९४४ ची गांधी-जीना पत्रे, निष्क्रांत मालमत्तेच्या नोंदी, आणि त्यांच्या शेजारी कल्याणच्या छावणीतील शिधापत्रिका आणि सिंध-पंजाबात राहिलेल्या घरांचे दावे. एका श्रीमंत माणसाचे घर आणि असंख्य गरिबांची घरे एकाच भिंतीवर आली म्हणजे फाळणी काय होती हे मुलांना भाषणावाचून कळेल.

तोवर निदान लेखकांनी एवढे तरी करावे. या घराविषयी लिहिताना उसासा टाकायचा असेल तर टाकावा, आरोप करायचा असेल तर करावा. पण आधी कागद वाचावेत.